पुस्तके काढणारे दाबकेसाहेब

श्री. मोरेश्वरराव दाबके यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी शिडीवर होतो आणि ते खाली उभे राहून अंगातला कोट काढत होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवे ग्रंथपाल यायचे आहेत हे आम्हाला ठाऊक होते. पण ते दुपारनंतर, हारतुरे झाल्यावर, दोन कारकून बरोबर घेऊन वर येतील अशी आमची समजूत. हे सकाळी एकटेच आले. कोट त्यांनी शिडीच्या पायरीला अडकवला आणि मला म्हणाले, "जरा खाली येता का? मला वर जायचंय."

मी घाबरून उतरलो. साहेब वर चढले, फळीवरची चार पुस्तके त्यांनी बाजूला सारली आणि आत कोपरापर्यंत हात घातला.

"अहो, या रांगेच्या मागे आणखी एक रांग आहे!"

"होय साहेब. सगळीकडे तशीच आहे."

"मग मागची पुस्तकं वाचायची कुणी? भिंतीनं?"

हसावे की नाही ते मला कळेना. साहेबांनी माझे नाव विचारले. मी म्हटले, "म्हात्रे, साहेब. भाईंदरचा." त्यावर ते म्हणाले, "म्हात्रे, फडकी आणा. दोन आणा, एक मला." पुस्तके लावणाऱ्या शिपायाला 'तुम्ही' म्हणणारे साहेब मी तोवर पाहिले नव्हते. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगितले की नवे साहेब फार सज्जन आहेत, तेव्हा काहीतरी गडबड असणार.

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मोठमोठे प्राध्यापक लिहिणार आहेत. साहेबांची विद्वत्ता, त्यांची व्याख्याने, त्यांनी केलेल्या सूची यांविषयी ते सांगतील. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. इंग्रजी अक्षरे मी पुस्तकांच्या पाठी पाहून पाहून लावायला शिकलो. अर्थ पुष्कळदा लागत नाही. म्हणून समितीच्या चिटणीसांनी "तुम्हीही लिहा" म्हटले तेव्हा मला धसकाच बसला. कुठे शब्द वावगा गेला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तरी मी लिहायला बसलो त्याला कारण आहे, आणि ते आरंभीच सांगून टाकतो. साहेबांनी त्या ग्रंथालयातून जी पुस्तके काढली त्यांतली पुष्कळशी आज आमच्या भाईंदरच्या वाचनालयात आहेत. वाचनालयाच्या दोन खोल्या आहेत. त्यांतली एक आता मुलींच्या शाळेला द्यायची आहे. म्हणजे निम्मी पुस्तके पुन्हा एकदा काढायची. ती कोणती, हे ठरवायचे काम गावाने माझ्यावर टाकले आहे आणि माझ्याने ते होत नाही. साहेबांनी एकदा भाईंदरला यावे म्हणून माझा जीव लागून राहिला आहे. या ग्रंथाच्या वाचकांचा शब्द साहेब सहसा मोडत नाहीत, म्हणून ही गोष्ट सगळ्यांच्या कानांवर घालतो.

साहेब आले तेव्हाचे ग्रंथालय आजच्या तरुण मंडळींना दाखवता आले असते तर बरे झाले असते. पुस्तके फळ्यांवर दोन-दोन रांगांनी, जिन्याच्या पायऱ्यांवर, खिडक्यांत. पश्चिमेची एक मोठी खिडकी पुस्तकांनी इतकी भरली होती की ती उघडते हेच आम्ही विसरलो होतो. एखाद्या विद्यार्थ्याने पुस्तक मागितले तर ते आहे हे सूचीवरून कळे, पण कुठे आहे ते देवाला ठाऊक. मुले बिचारी बाकावर बसून वाट पाहत आणि शेवटी उठून जात.

साहेबांनी महिनाभर नुसते फिरून पाहिले. मग त्यांनी जाहीर केले की काही पुस्तके ग्रंथालयातून काढली जातील. पुस्तके घ्यायची असतात, जपायची असतात, हे सगळ्यांना कळते. पण काढायची असतात, हे आमच्यापैकी कुणी कधी ऐकले नव्हते. मोठा गहजब झाला. एक वृद्ध प्राध्यापक साहेबांच्या खोलीत आले आणि काठी आपटून म्हणाले, "दाबके, तुम्हाला इथं पुस्तकं सांभाळायला नेमलंय की हाकलायला?"

साहेब उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा सर. ही खुर्चीसुद्धा मी काल पुस्तकांखालून काढली."

पहिल्या वर्षी साहेबांनी सोपा नियम केला. पुस्तक घरी नेले की त्याच्या शेवटच्या पानावर तारखेचा शिक्का बसे. ज्या पुस्तकावर कित्येक वर्षांत शिक्का नाही ते काढायचे. नियम जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून जिन्यावर रीघ लागली. आयुष्यात कधी वर न चढलेले प्राध्यापक धापा टाकत वर आले आणि हाताला येईल ते पुस्तक घेऊन गेले. संस्कृतचे प्राध्यापक यंत्रशास्त्राची पुस्तके नेत होते. एकांनी तर खाली घोडागाडी उभी करून ठेवली होती. आमचा शिक्के मारणारा कारकून मला म्हणाला, "म्हात्रे, मनगट सुजलं बघा. पुस्तकं राहतील, मी जाईन."

महिन्याभराने ती सगळी पुस्तके परत आली. प्रत्येकावर ताजा शिक्का. नियमाप्रमाणे आता एकही पुस्तक काढता येत नव्हते. मला मनातून आनंद झाला होता, खोटे कशाला बोलू.

साहेबांनी परत आलेली पुस्तके एकेक करून उघडून पाहिली. त्या काळी विलायतेहून येणाऱ्या पुष्कळ पुस्तकांची पाने कडेला जोडलेलीच असत. वाचणाऱ्याने ती सुरीने कापायची. घरोघर पाहुणचार घेऊन आलेल्या त्या पुस्तकांतल्या कितीतरी पुस्तकांची पाने अजून तशीच जोडलेली होती.

दुसरे कुणी असते तर सगळ्यांची शोभा केली असती. साहेबांनी काय केले, तर सगळ्या प्राध्यापकांना चहाला बोलावले. मधल्या दालनात लांब मेजे मांडली, त्यांवर ती पुस्तके ठेवली, आणि प्रत्येक खुर्चीपुढे कपबशीच्या शेजारी एक कागद कापायची सुरी. मंडळी आली, बसली, आणि सुऱ्यांकडे पाहू लागली. साहेब हात जोडून म्हणाले, "आपण सर्वांनी या पुस्तकांसाठी जिने चढलात, मी आभारी आहे. आता एवढंच करावं. जे राहायला हवं असं वाटतं त्याची पानं कापावीत. घाई नाही. चहा दुसऱ्यांदाही येईल."

मी कपाटाशी उभा राहून पाहत होतो. आधी थोडा वेळ कुणी सुरीला हात लावला नाही. मग काठी आपटणाऱ्या त्याच वृद्ध प्राध्यापकांनी एक जाड पुस्तक ओढले आणि कापायला सुरुवात केली. सर्र, सर्र असा आवाज. हळूहळू सगळीकडून तो आवाज येऊ लागला. कुणी पाच पाने कापून पुस्तक मिटले आणि पलीकडे सरकवले. कुणी कापता कापता वाचायलाच लागले, त्यांचा चहा निवून गेला. एक प्राध्यापक शेजाऱ्यांना म्हणाले, "हे तुम्ही नेलं होतं ना? जरा कापून दाखवा की." शेजारी म्हणाले, "अहो, मी ते वरच्या वर नेलं आणि वरच्या वर आणलं. जाऊ द्या त्याला." सगळे हसले आणि त्या हसण्यात पुस्तके काढण्याबद्दलचा राग निघून गेला.

ज्यांची पाने शेवटपर्यंत कापली गेली ती सगळी राहिली. जी अर्धवट राहिली किंवा ज्यांना कुणी हात लावला नाही ती काढली. जुन्या, पाने कापलेल्या पुस्तकांसाठी साहेब याच वेळी प्राध्यापकांना समोर बसवून विचारत, "हे का ठेवायचं, ते तोंडी सांगा," आणि सांगणाऱ्याचा चेहरा उजळलेला दिसला तर पुस्तक ठेवीत. पुढे दर वर्षी, परीक्षा संपल्या की हा चहा होऊ लागला. मला आज त्या ग्रंथालयातले काय आठवते असे कुणी विचारले तर तो सुऱ्यांचा आवाज आठवतो. अजून कुठे कापड फाडल्याचा आवाज आला तरी मी मान वर करतो.

दोन रांगांची एक रांग झाली. पश्चिमेची ती खिडकी उघडली तेव्हा खाली मैदानात क्रिकेट चालले होते, आणि आम्ही सगळे शिपाई लहान मुलांसारखे तिच्यात दाटीने उभे राहिलो होतो.

याच सुमारास मला एका काळजीने पछाडले. पुस्तके कमी झाली म्हणजे ती लावणारी माणसेही कमी लागणार, आणि मी तर सगळ्यांत कमी शिकलेला. काही दिवस मला जेवण गेले नाही. अखेर एका संध्याकाळी धीर करून साहेबांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

"साहेब, पुस्तकांनंतर आमचा नंबर का?"

साहेबांनी चष्मा काढला. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला आपलं वाटलं."

"म्हात्रे, आजवर मुलं पुस्तक मागायची आणि मिळत नव्हतं. आता मिळतं. ज्याला मिळतं तो पुन्हा येतो. तुम्हाला आता बसायला वेळ मिळाला तर मला येऊन सांगा."

आणि खरोखरच तसे झाले. दुपारी टेकायला म्हणून जो कोपरा आम्ही राखला होता, तिथे बसणे बंद झाले. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी मला नवी शिडी करून दिली, जुनीची एक पायरी हलते हे त्यांनी पहिल्याच दिवशी चढताना पाहिले होते. काळजी करणाऱ्या माणसाला "काळजी करू नका" असे सांगून उपयोग नसतो. साहेब तसे कधी म्हणाले नाहीत. ते पायरी बदलीत.

माझी बायको आजारी पडली तेव्हा मी पंधरा दिवसांची रजा घेतली होती. एका रविवारी साहेब औषधाच्या बाटल्या घेऊन भाईंदरला आले. स्टेशनापासून मिठागरांच्या बांधावरून चालत, धोतराचा सोगा वर धरून. आमच्या घरात खुर्ची नव्हती. ते खाटेच्या कडेला बसले. बायकोला ताप होता, तरी तिने उशीवरून मान उचलून त्यांना सरळ विचारले, "सायेब, तुमी पुस्तका फेकतास म्हनं?"

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. साहेब म्हणाले, "फेकत नाही बाई. काढतो. नंतर ती रद्दीत जातात."

"मंग फेकलीच ना! आमचे गावान द्या की. आमचे पोरांना हाय का काय बघायला?"

"इंग्रजी आहेत सगळी."

"त्यानी काय व्हतंय? चित्रा हायेत ना त्यांत?"

साहेबांनी औषधाच्या बाटल्या तिच्या उशाशी ठेवल्या आणि उठले. जाताना बांधावर मला म्हणाले, "म्हात्रे, तुमच्या मंडळींनी मला आज बोलायला जागा ठेवली नाही."

पुढे ती बरी झाली आणि आणखी काही वर्षे मला तिची सोबत मिळाली. दुसरी मोठी लढाई संपायच्या आधी ती गेली. वाचनालय उघडलेले मात्र तिने पाहिले.

त्या वाचनालयाची हकीकत अशी. लढाई सुरू झाली, कागद मिळेनासा झाला आणि रद्दीवाले आमच्या दाराशी घिरट्या घालू लागले. त्यातच तळमजल्याची दालने सरकारी कामासाठी द्यावी लागली. साहेबांना एकदम पुष्कळ पुस्तके काढावी लागली. चहा झाला, सुऱ्या मांडल्या, पण त्या वर्षी मंडळींचा हात जड होता. कापून ठेवली तरी ठेवायला जागा नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. साहेबांनी वरिष्ठांसमोर उभे राहून मागणी केली की काढलेली पुस्तके रद्दीला न देता भाईंदर गावाला द्यावीत. तिथे कुणीतरी विचारले म्हणे, "मिठागरातल्या लोकांना ही कशाला?" साहेबांनी उत्तर दिले, "आपल्याला कशाला होती, ते तरी कुठं ठाऊक आहे?" परवानगी मिळाली.

आता पुस्तके न्यायची कशी? मालगाड्या लढाईच्या सामानाने भरलेल्या. तेव्हा माझ्या ओळखीचे, शेजारच्या उत्तन कोळीवाड्यातले मचवेवाले पास्कू तांडेल उपयोगी पडले. भाईंदरचे मीठ त्यांच्या मचव्यातून शहराच्या बंदराला जाई आणि मचवा रिकामा परते. त्या परतीच्या खेपेत पुस्तके घालायची ठरली. मी म्हटले, साहेबांनी येण्याची गरज नाही. साहेब म्हणाले, "मी काढलीत, मीच पोचवणार." छत्री घेऊन ते गठ्ठ्यांवर बसले.

पास्कू तांडेल उत्तनच्या जुन्या किरिस्ताव घराण्यातले, बोलायला तिखट. मीठ उतरवलेल्या जागी त्यांनी आधी ताडपत्री घातली, पुस्तकांवर शीड पांघरले आणि म्हणाले, "मीठ नेला नि कागुद आनला. यो उलटा धंदा मी पयल्यांदाच करतंय." खाडीच्या तोंडाशी पाणी उसळू लागले तेव्हा साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पास्कूंनी सुकाणूवरून विचारले, "सायेब, उलाटला तं आदी कोनाला धरू? तुमाला का पुस्तकांना?"

साहेब म्हणाले, "पुस्तकं आधीच काढून टाकलेली आहेत. मला धरा."

पास्कू इतके हसले की मचवा खरोखरच उलटतो की काय अशी मला भीती वाटली. त्या दिवसापासून पास्कू साहेबांचे झाले. आजही ते मला भेटले की पहिला प्रश्न, "सायेब कंदी येतान?"

गावातल्या एका मीठवाल्या शेठजींनी दोन खोल्या वापरायला दिल्या. पुस्तके मी लावली, आणि सुटीच्या दिवशी दार उघडून बसू लागलो. आधी काही दिवस कुणी आत पाऊल टाकले नाही. दारातून डोकावत आणि मला "म्हातारा कागद राखत बसलाय" असे म्हणत. मग एका रविवारी माशांच्या रंगीत चित्रांचे एक मोठे पुस्तक पास्कूंनी उघडले. ग्रंथालयात असताना त्या पुस्तकाला चहाच्या वेळी कुणी हातसुद्धा लावला नव्हता. पास्कूंनी हाक मारून दोघांना बोलावले, दोघांनी चौघांना. आणि चित्रातला मासा कोणता यावरून भांडण जुंपले.

"यो घोळ हाय."

"तुजा डोला फुटला का? ही दाढा हाय, दाढा!"

"अवो पन ह्या रंगाचा घोळ असतंय का कंचा? लिवनाऱ्यानी बाजारात पायलान असल, मेलेला."

साहेब त्या रविवारी आले होते. ते दाराशी उभे राहून ऐकत होते. मला वाटले, आवाज बंद करायला सांगतील. ग्रंथालयात शांतता हवी हा त्यांचा नेम. मी पुढे होऊ लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या, म्हात्रे. तिकडं या पुस्तकाशी कधी कुणी भांडलं नव्हतं."

त्यानंतर साहेब महिन्या-दोन महिन्यांनी येत. मुले त्यांच्याभोवती बसत, ते चित्रे दाखवून गोष्ट सांगत. माझ्या बायकोने त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी करावी, साहेबांनी ओसरीत मांडी घालून खावी, हे आता कुणाला सांगितले तर खरे वाटायचे नाही. मला वाटते माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले रविवार ते. तेव्हा कळले नव्हते. तेव्हा मी भाकरी गार होईल, गाडी चुकेल, आभाळ येईल, याच काळजीत असे.

मी निवृत्त झालो, आणि वर्षभराने साहेबही. त्यांचे डोळे तोवर अधू होऊ लागले होते. काचबिंदू. उपचार झाले, पण नजर परत आली नाही. ते मुलीकडे पुण्याला राहायला गेले. जाण्यापूर्वी एकदा भाईंदरला येईन म्हणाले होते. ते राहिले.

आमच्या वाचनालयाच्या शेजारी मुलींची शाळा भरते. देश स्वतंत्र झाल्यापासून मुलींची संख्या वाढली आहे आणि जागा तेवढीच. शाळेच्या बाई तरुण आहेत, मला आजोबा म्हणतात. त्यांनी मला एकदा ओसरीवर नेऊन दाखवले. "आजोबा, सकाळी मुली इथं बसतात. ऊन आलं की भिंतीकडं सरकतात. आणखी ऊन आलं की घरी जातात. मला तुमची एक खोली द्या हो." बाईंचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. खोली द्यायलाच हवी. मी गावाच्या बैठकीत तसे सांगितले. तेव्हा सगळे म्हणाले, "मग पुस्तके तुम्हीच निवडा. तुम्ही साहेबांच्या हाताखालचे."

मी साहेबांच्या पद्धतीने करून पाहिले. चहा केला, गावातल्या जाणत्या मंडळींना बोलावले. पास्कू आले. पण इथे कुणी काही काढायलाच तयार होईना. एकजण म्हणाले, "हे राहू दे, माझा मुलगा यातली आगगाडी बघतो." दुसरे म्हणाले, "ते राहू दे, दिसायला भारी आहे." पास्कू माशांचे पुस्तक बगलेत मारून बसले ते उठेपर्यंत सोडीनात. चहा संपला आणि एकही पुस्तक निघाले नाही. बाई दारात उभ्या होत्या. तशाच रिकाम्या हाताने परत गेल्या. मला फार वाईट वाटले.

या गौरवसमारंभाच्या निमित्ताने मागच्या महिन्यात मी पुण्याला साहेबांना भेटायला गेलो. साहेब अंगणात बसले होते. माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखले. "म्हात्रे, अजून एक पाय ओढताच का?" मग सगळी विचारपूस केली. पुस्तके काढायची आहेत हे मी पत्राने आधीच कळवले होते. म्हणाले, "किती निघाली?"

"एकही नाही, साहेब."

साहेब मोठ्याने हसले. मी म्हटले, "साहेब, हसू नका. मला भीती वाटते. मी एखादे काढले आणि उद्या कुणी तेच मागितले तर?"

साहेब गंभीर झाले. "मागतीलच. मी काढलेलं एक पुस्तक पुढच्या सत्रात एक मुलगा मागायला आला. लांबून आला होता. मी त्याला सांगितलं की ते आता नाही. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. बाकी काही दिसत नाही, पण तो दिसतो. म्हात्रे, न चुकता हे काम करता आलं असतं तर मला चहा पाजावा लागला नसता."

"मग तुम्हीच या, साहेब. तुम्ही सांगाल ते मी काढीन."

साहेबांनी हात उचलून डोळ्यांपुढे धरला आणि खाली ठेवला. "मला माझी बोटं दिसत नाहीत. पुस्तकांची पाठ काय दिसणार? मी येऊन काय करू?"

यावर मला तिथे उत्तर सुचले नाही. मी उठलो, पाया पडलो आणि निघालो. सुचत नाही तेव्हा सुचत नाही, ही माझी जन्माची खोड. परतीच्या वाटेत सगळा वेळ तेच डोक्यात घोळत होते. हा लेख लिहीत असताना उत्तर सापडले, म्हणून ते इथेच देतो.

साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभावे, त्यांची प्रकृती चांगली राहावी, पायांत बळ राहावे, खाल्लेले अन्न अंगी लागावे, हे मी आमच्या ग्रामदेवतेकडे मागितले आहे, आणि पास्कूंनी उत्तनच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावून मागितले आहे. डोळ्यांचे मागणे आम्ही दोघांनीही मागितले नाही. जे मिळायचे नाही ते मागून साहेबांच्या जिवाला त्रास कशाला? साहेबांनी फक्त भाईंदरला यावे. स्टेशनावर मी असेन. बांधावरून चालायला पास्कूंचा हात आहे. वाचनालयात खुर्ची आहे आता. साहेबांनी तिच्यावर बसावे आणि मी एकेक पुस्तक हातात घेऊन त्याचे नाव वाचीन. इंग्रजी माझे कच्चे आहे, अक्षर अक्षर लावत वाचीन, वेळ लागेल, चुकेल. साहेबांनी ऐकावे आणि ठेवा किंवा काढा एवढे म्हणावे. चूक झाली तर ती दोघांची.

साहेब नाही म्हणतील अशी मला धास्ती वाटते. म्हणूनच शाळेच्या बाईंना मी, लेख छापून यायच्या आधीच, सांगून टाकले आहे की साहेब येणार आहेत. त्यांनी विचारले, "नक्की ना, आजोबा?" मी म्हटले, नक्की.